उभं लाकूड

माझ्या थोरल्या भावाला सोबत घेऊन कुठे जायचं म्हणजे डोक्याला ताप. भिंत दिसली की तो ती वाजवतो. कपाट घ्यायला गेलो तर दुकानदार रंगाचं कौतुक सांगतोय आणि दादा बोटाच्या पेराने दार ठोकत कान लावून उभा. माझ्या मुलाने नवं घर घेतलं तेव्हा सगळे वा वा करत होते, आणि याने न्हाणीघराच्या भिंतीवर टकटक करून जाहीर केलं, की या फरशांमागे पोकळ आहे. सून दोन महिने त्याच्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या महिन्यात चार फरशा सुटून पडल्या, त्यानंतर तर तिने बोलणंच टाकलं.

त्याचा तरी काय दोष? फायबरच्या जुन्या बोटी दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं, आणि त्या धंद्यात डोळ्यांपेक्षा कान जास्त लागतो. बोटीचा डेक, म्हणजे ज्यावर आपण चालतो तो वरचा भाग, दिसायला एकसंध दिसतो, पण आत तीन थर असतात. वर फायबरचं पातळ कातडं, खाली तसंच दुसरं, आणि दोघांच्या मध्ये हलक्या लाकडाचा नाहीतर फोमचा गाभा. गाभा धड असला की डेक खणखणीत वाजतो. पाणी शिरून कुजला की आवाज बसतो. कातडं मात्र वर्षानुवर्षं चकचकीत राहतं. दादा म्हणतो, माणसं वरून पॉलिश करत बसतात आणि आत चिखल झालेला असतो. हे तो हमखास माझ्या नवऱ्यासमोर म्हणतो, कारण नवरा रोज सकाळी तासभर गाडी पुसतो.

मीही त्याच धंद्यातली. आम्ही दोघं एकाच शेडमध्ये लागलो, तो सव्वीस वर्षांचा होता आणि मी बावीसची. मी शिवणाचा क्लास केला होता, तेवढ्या भांडवलावर मला काचेचं कापड कापायच्या टेबलावर बसवलं. हेच कापड रेझिनमध्ये भिजवून थरावर थर चढवले की फायबर होतं. ते कापायच्या आधी दोन्ही हातांना कोपरापर्यंत पावडर फासायची, तरी संध्याकाळी अशी खाज सुटायची की बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. रेझिनचा वास केसांत, रुमालात, जेवणाच्या डब्यातसुद्धा. शेडमधली माणसं मला कात्रीबाई म्हणत आणि मला ते आवडायचं, हे मी तेव्हा कुणाला कळू दिलं नाही. पत्र्याचं छप्पर, खिळ्याला टांगलेला एकच स्टेशन लागणारा रेडिओ, आणि मोठ्या दारातून दिसणारा पाण्याचा पट्टा. आता तिथे गाड्या उभ्या करायची जागा झाली आहे. मी मुद्दाम दुसऱ्या रस्त्याने जाते. कधी तिकडून जावंच लागलं तर मान आपोआप वळते.

शेडचे मिस्त्री शब्दाला महा कंजूष. जे काम दुसरा दहा वाक्यांत सांगेल ते हे दोन शब्दांत सांगत आणि पाठ फिरवत. तरी आम्हाला जे येतं ते सगळं त्यांनीच शिकवलं. रेझिन घट्ट व्हायला हार्डनर किती घालायचा, ती बादलीत तापून धुरायला लागली तर काय करायचं, कापडाला सुरकुती पडली तर हात कसा फिरवायचा. दादा आधी दोन ठिकाणांहून भांडून बाहेर पडला होता. मिस्त्रींकडे तो टिकला.

चार वर्षांपूर्वी मिस्त्री गेले. आणि गेल्या उन्हाळ्यात त्यांची लेक दादाकडे आली. मिस्त्रींनी सुट्टीच्या दिवशी खपून स्वतःसाठी एक छोटी बोट बांधली होती, ती आता तिच्याकडे होती. सदतीस वर्षांची बोट, लेकीच्याच वयाची. डेकवर पाय ठेवला की खाली दबतो, असं तिचं म्हणणं. दादाने बोट आपल्या दुरुस्तीच्या गाळ्यासमोर ठोकळ्यांवर चढवून घेतली. मी आठवड्यातून दोनदा तिथे कापड कापायला जाते, निवृत्त होऊनही हात स्वस्थ बसत नाहीत, म्हणून त्या दिवशी मीही होते.

लेकीची मागणी सरळ होती.

"काका, बाबांनी जे घातलं होतं तेच घाला. आणि जसं घातलं होतं तसंच. उघडाल तेव्हा मला बोलवा. मला त्यांच्या हातचं काम बघायचंय."

दादा म्हणाला, पंधरा दिवसांनी, गुरुवारी उघडू. ती गेली. दादाने छोटी हातोडी घेतली, खडू घेतला आणि गुडघ्यांवर बसून डेक वाजवायला लागला. आवाज बसला की खडूची खूण. आता पाणी आत शिरतं ते भोकातून, एखाद्या स्क्रूच्या नाहीतर बोल्टच्या. तिथून ते भोवताली पसरतं, ताटाएवढं, फार तर परातीएवढं. या बोटीला मागच्या बाजूला घडीची सीट बसवलेली होती, तिचे चार स्क्रू. त्या चार स्क्रूंपासून दादाचा खडू जो निघाला तो सरळ पुढे गेला. गोल नाही, पट्टे. हातभर रुंद, शिवणाच्या पट्टीने आखल्यासारखे, मागून थेट पुढच्या टोकाकडे.

दादा उठला नाही. तिथूनच म्हणाला, "कात्रीबाई, इकडे ये जरा." मी गेले, पट्टे बघितले. कातडं कापायची गरजच नव्हती. आत काय आहे ते आम्हा दोघांना माहीत होतं, आणि आम्हा दोघांनाच.

सदतीस वर्षांपूर्वी त्या डेकचं काम होतं तो दिवस. तोवर शेडमध्ये गाभ्याला प्लायवूड घालत. मिस्त्रींनी पहिल्यांदाच बाल्सा मागवला होता, कापसाइतकं हलकं लाकूड, लांब लांब फळ्यांमध्ये आलेलं. ते कसं बसवायचं हे ते त्या दिवशी दादाला समोर बसून दाखवणार होते. मी सकाळी दारात पोहोचते तर मिस्त्री सायकल घेऊन बाहेर पडत होते. बायकोला दवाखान्यात नेलं होतं, निरोप आला होता. पायडलवर पाय ठेवत ते म्हणाले, "त्याला सांग, लाकूड उभं लाव म्हणावं. उभं." आणि गेले.

मी निरोप शब्दशः दिला. दादाने विचारलं, उभं म्हणजे कसं? इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी कात्रीबाई. कापडाचा तागा उलगडला की लांबीचा तो उभा धागा आणि रुंदीचा तो आडवा, हे मला झोपेतही माहीत. मी ठसक्यात सांगितलं, "उभं म्हणजे लांबीने. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत. एवढंही कळत नाही?" दादाने फळ्यांच्या पट्ट्या काढल्या आणि लांबीने लावल्या. काय सुरेख लावल्या होत्या! सांध्यात नख जाणार नाही. संध्याकाळपर्यंत वर कापडाचे थर चढवून डेक बंद केला. मिस्त्री तीन दिवसांनी आले, मुलगी झाली होती, चेहरा नुसता फुलला होता. त्यांनी विचारलं, "उभं लावलं?" दादा म्हणाला, "उभं लावलं." त्यांनी डेकवर दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "छान झालंय."

मिस्त्रींचं उभं म्हणजे काय, ते आम्हाला सात महिन्यांनी कळलं. पुढच्या बोटीच्या वेळी त्यांनी फळीचा अंगठ्याएवढा जाड काप करवतीने काढला आणि दादाच्या तळहातावर असा ठेवला की लाकडाच्या शिरा सरळ आभाळाकडे. असे काप फरशीसारखे शेजारी शेजारी मांडायचे. म्हणजे पाणी शिरलंच तर त्या एका कापातच मुरतं, शेजारी जात नाही. आणि शिरा आडव्या झोपवल्या तर एका टोकाला शिरलेलं पाणी दुसऱ्या टोकाला निघतं. दादाने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. मिस्त्रींची बोट तेव्हा पाण्यात उतरली होती, ते सुट्टीला तिच्यातून बायको-पोरीला फिरवून आणत होते. सांगू उद्या, सांगू परवा, असं करता करता आम्ही दोघांनी मूग गिळले ते गिळलेच. मिस्त्रींना शेवटपर्यंत कळलं नाही, एवढंच समाधान होतं. समाधान कसलं, लाज होती.

आता लेक येणार, वडिलांच्या हातचं काम बघणार, आणि बघणार काय, तर ज्या माणसाने अख्ख्या किनाऱ्याला धंदा शिकवला त्याच्याच बोटीत शिकाऊ माणसाची चूक.

मी दादाला म्हटलं, ती यायच्या आत उघड आणि उकरून टाक. कुजलेलंच आहे, चिखल काय नि चूक काय, कुणाला ओळखू येतंय? हे मी म्हटलं, आणि आज लिहिताना मला त्याची शरम वाटते. दादाने पटाशी उचललीसुद्धा. थोडा वेळ हातात धरून बसला, मग खाली ठेवली. म्हणाला, "तिला बोलवलंय."

मग पुढचे पंधरा दिवस तो गाभा निवडत बसला. टेबलावर तुकडे मांडले. प्लायवूड, बोल्टखाली भक्कम, पण वजनाला भारी, आणि त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की हटत नाही. बाल्सा, आता तयार काप जाळीवर चिकटवून मिळतो, हलका आणि कडक, पण भिजला की संपला. फोमचे दोन नमुने. एकावर दादाने रेझिनचा थेंब टाकला तर त्याला तिथल्या तिथे खड्डा पडला. दुकानदाराने थर्माकोलचा चुलतभाऊ पाठवला होता, दादाने त्याला फोनवर असं झाडलं की त्याने दुपारी स्वतः येऊन दुसरा दिला. तो घट्ट होता, रेझिनला दाद देत नव्हता. दादाने सगळे तुकडे विटेखाली दाबून बादलीत बुडवले, रोज काढून पुसायचा, वाजवायचा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचा. वहिनीने काटा परत मागितला तेव्हा तिला म्हणाला, आठ दिवस अंदाजाने कर. उन्हात डेक तापतो, म्हणून तुकडे भर दुपारी पत्र्यावर ठेवून अंगठ्याने दाबून बघायचा. आठव्या दिवशी बाल्सा पाणी पिऊन दुप्पट झाला होता. चांगल्या फोमचा काटा हलला नव्हता.

निकाल लागला होता. तरी दादा बाल्साचा तुकडा सोडेना. तळहातावर ठेवायचा, शिरा वर करून, आणि बघत राहायचा. कडा नीट सील केल्या तर बाल्सासुद्धा तीस वर्षं जातो, असं मला ऐकवायचा, जसं काही मी नाही म्हणत होते. शेवटी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुला तो उभा लावून दाखवायचाय. मिस्त्री नाहीत बघायला, तरी दाखवायचाय. बोट दुरुस्त करायची आहे की स्वतःला?"

तो उठून बाहेर गेला. त्या दिवशी चहाही प्यायला नाही. दुसऱ्या दिवशी मी गेले तर बाल्सा टेबलावर नव्हता आणि ऑर्डरच्या कागदावर फोम लिहिलेलं होतं. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही.

गुरुवारी लेक आली. दादाने तिच्यासमोर कातड्याला कडेकडेने चिरा दिल्या आणि ते मागून पुढपर्यंत झाकणासारखं उचललं. कुबट वास आला. मागे सगळं काळं, पिळलं तर पाणी निघेल असं. पुढे सरकत गेलं तसं तपकिरी, मग पिवळसर, आणि अगदी पुढच्या टोकाला अजून कोरं, त्या दिवशी आलं होतं तसं पांढरं लाकूड. मागून पुढे सरळ पट्ट्या. लेक वाकली, कोऱ्या भागावरून तिने हात फिरवला.

"किती सरळ लावलंय हो," ती म्हणाली. "एक सांधा वाकडा नाही. बाबांचा हात."

तिने फोटोसाठी फोन काढला. दादा म्हणाला, "थांब. हे चुकलंय."

तिने वळून बघितलं. "बाबांनी चुकीचं लावलं?"

"त्यांनी नाही. मी लावलं. ते त्या दिवशी नव्हते."

मग माझी जीभ सुटली. निरोप काय होता, मी त्याचा अर्थ काय सांगितला, कापडातलं उभं आणि लाकडातलं उभं, सात महिन्यांनी आम्हाला कसं कळलं आणि आम्ही दोघं कसे गप्प बसलो, सगळं एका दमात सांगून टाकलं. तिने फक्त एवढंच विचारलं, की बाबा त्या दिवशी कुठे होते. दादा म्हणाला, तुझ्या जन्माला.

ती बोटीच्या काठावर टेकली. चिडली असती तर बरं झालं असतं. ती बराच वेळ त्या सीटच्या चार भोकांकडे बघत होती.

"काका, बाबा या डेकला स्क्रू लावू द्यायचे नाहीत," ती म्हणाली. "एकसुद्धा नाही. लहानपणी मला नावाची पाटी लावायची होती, ती त्यांनी दोरीने कठड्याला बांधून दिली. सगळं बांधायचे. जे मूळचे बोल्ट होते ते दर वर्षी काढायचे आणि पुन्हा सील करून बसवायचे, शेवटच्या वर्षी हात थरथरत होते तरी. आई म्हणायची, या माणसाला वेड लागलंय. ते गेल्यावर सीट मी बसवली. मला वाटलं, आता कोण ओरडणार आहे."

दादा उलट्या बादलीवर बसला. मला एकदम आठवलं. मिस्त्री तीन दिवसांनी परत आले तेव्हा डेक बघून झाल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, भुसा कुठे टाकला. मी टेचात म्हटलं होतं, भुसा फारसा झालाच नाही, बघा जमीन कशी स्वच्छ आहे. एवढ्या फळ्यांचे अंगठ्याएवढे काप काढले असते तर गुडघाभर भुसा पडला असता. ते जमिनीकडे बघत क्षणभर उभे राहिले होते. त्यानंतर म्हणाले होते, छान झालंय.

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते आमच्यापासून. मला रडू फुटलं आणि त्याच्याबरोबर रागही आला, खरंच आला. एकदा ओरडले असते तर दोन दिवसांत डेक फोडून पुन्हा केला असता. त्याऐवजी तेहतीस वर्षं हा माणूस एक स्क्रू आत जाऊ नये म्हणून दोऱ्या बांधत बसला. मी हे सगळं तोंडावर पदर धरून बोलले, त्यातलं किती त्या दोघांना कळलं कोण जाणे.

दादा म्हणाला, "ओरडले असते तर मी गेलो असतो."

"कुठे गेला असतास?"

"आदल्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं होतं, हे काम मला जमत नाही, गोदामात जागा मिळतेय, जातो म्हणून. तुला सांगितलं नाही, तू घर डोक्यावर घेतलं असतंस. ते म्हणाले, एवढा डेक करून जा. परत आले, बघितलं, छान झालंय म्हणाले. आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, पुढचाही तूच कर. मला वाटलं, मला जमतंय."

लेकीने डोळे पुसले. टेबलावरचा फोमचा तुकडा उचलून तिने उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, याला उभं-आडवं असतं का. दादाने मान हलवली, नसतं. मग हेच घाला, असं ती म्हणाली. दादा बादलीवरून उठला, पटाशी घेतली आणि पुढच्या कोऱ्या टोकापासून आपल्याच हातच्या पट्ट्या एक एक करून सोडवायला लागला. सांधे इतके घट्ट होते की पहिली पट्टी निघायलाच अर्धा तास लागला.